पोट दुखतंय, सर

डोंबिवलीच्या एका माध्यमिक शाळेत मी एकतीस वर्षे मराठी शिकवले. एवढ्या वर्षांत मुलांनी वर्गाबाहेर पडण्यासाठी सांगितलेली कारणे मी लिहून ठेवली असती, तर एक चांगला जाडजूड ग्रंथ झाला असता. काहींचे आजोबा तर एकाच वर्षात तीनतीनदा वारले! शिक्षकाला या कारणांची सवय होऊन जाते. खरे कोणते आणि बनावट कोणते, हे आपल्याला नुसता चेहरा पाहून कळते, अशी त्याची समजूत होते. माझीही होती.

नववीच्या वर्गात एक मुलगा होता. कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या एका गावातून यायचा. शेतकऱ्याचा मुलगा, अंगाने धट्टाकट्टा, कबड्डीत चपळ. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याने एक नेमच धरला. तिसरा तास सुरू झाला, की उभा राहायचा आणि म्हणायचा, "पोट दुखतंय, सर. घरी जाऊ?" पहिल्या आठवड्यात मी शिपायाकडून ओव्याचा अर्क आणवून दिला. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांची चिठ्ठी आण म्हणून सांगितले. चिठ्ठी आली. पोटात काही दोष नाही, असे तीत लिहिले होते. मग काय, माझ्या हाती पुरावाच आला! दुसऱ्या दिवशी भर वर्गात मी विचारले, "काय पोटदुखे, आज किती वाजता दुखणार आहे?" वर्ग हसला. तोही हसला. त्यानंतर त्याने पोट दुखते असे पुन्हा सांगितले नाही. आणि जानेवारीपासून तो शाळेतच आला नाही.

बारा-तेरा वर्षांनी तो मला कल्याण स्टेशनच्या पुलावर भेटला. त्यानेच ओळखले, वाकून नमस्कार केला. टेम्पो चालवतो म्हणाला. आम्ही चहा घेतला, आणि बोलता बोलता त्याने त्या वर्षाची हकिगत सांगितली. त्या वर्षी घरची जमीन विकली गेली होती. पैशावरून वडील आणि चुलते कोर्टात गेले. रोज रात्री घरात पिणे आणि भांडणे. आई माहेरी निघून गेली होती. "रात्रभर डोळा लागायचा नाही, सर. कबड्डी नको वाटायची. भाकरी समोर आली, की पोटात गोळा यायचा."

मी म्हणालो, "अरे, मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "सांगत होतो की, सर. रोज सांगत होतो."

आज मी आपल्याशी बोलायला बसलो आहे तो या एका वाक्यामुळे. वयात येणारे मूल मनातून खचले, तर ते आपल्याला कसे कळवते? आणि त्याने कळवूनही आपल्याला का कळत नाही? मी काही मनाचा डॉक्टर नव्हे. पण त्या चहानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, जाणत्यांना विचारत गेलो. त्यातले जे शाळेच्या आणि घराच्या उपयोगाचे वाटले, तेवढेच सांगतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. दुःख होणे आणि नैराश्याचा आजार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत नापास झालेला मुलगा चार दिवस तोंड पाडून बसतो आणि पाचव्या दिवशी पतंग घेऊन गच्चीवर जातो. हे दुःख झाले. आजारात तो पाचवा दिवस येतच नाही. दोन आठवडे, आणि त्याहूनही अधिक काळ, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ मन उतरलेले राहते. जे पूर्वी आवडायचे ते नकोसे होते. झोप उडते किंवा फार वाढते, जेवण सुटते किंवा वाढते, अंगात त्राण राहत नाही, धडा तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही, आणि आपण कुचकामी आहोत असे वाटू लागते. दोन आठवडे म्हणजे किती, हे गावाकडे सांगताना मी म्हणतो, एका एकादशीपासून दुसऱ्या एकादशीपर्यंत.

असे होते किती मुलांना? याची उत्तरे मात्र गमतीदार आहेत. गोव्यात १२ ते १६ वर्षांच्या २०४८ मुलामुलींची पाहणी झाली. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. सगळे मानसिक आजार मिळून त्यांत शंभरात दोनही मुले निघाली नाहीत. नेमका आकडा १.८१. पुढे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये हेच प्रमाण शंभरात ७.३ निघाले. म्हणजे चौपट! आता प्रदेश वेगळे, पद्धत वेगळी, वर्षे वेगळी, हे सगळे खरे. गोव्याच्या पाहणीत घरच्यांचा आधार असलेली मुले अधिक सुरक्षित आढळली, तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पण असे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले, की माझ्यातला जुना मराठीचा मास्तर जागा होतो आणि विचारतो: प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला होता?

कारण सगळा खेळ तिथेच आहे. अमेरिकेत लेनोर रॅडलॉफ यांनी १९७७ साली वीस वाक्यांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. सी. ई. एस. डी. या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते आणि जगभर वापरली जाते. गेल्या आठवड्यात असे असे किती वेळा वाटले, ते ज्याचे त्याने सांगायचे, त्याला गुण द्यायचे, आणि बेरीज ठरावीक आकड्याच्या वर गेली की लक्ष द्यायचे, अशी तिची रीत. प्रश्नावली चांगली आहे. पण ती मराठीत आणून पाहा. तीत मन उतरल्याला 'ब्लूज' असा एक शब्द आहे. मूळ शब्द निळ्या रंगाचा. आपल्याकडे निळे म्हणजे आकाश, कृष्ण, नाहीतर पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ. 'मला निळे निळे वाटले' असे कोण म्हणेल? बरे, हा शब्द विचित्र असल्यामुळे भाषांतर करणारा सावध तरी होतो. खरा घोटाळा साध्या शब्दांत असतो. आणखी एका वाक्याचा आशय असा आहे, की प्रत्येक गोष्ट प्रयत्नपूर्वक करावी लागत होती. लिहिणाऱ्याच्या मनात आहे थकवा. पण आपल्या शाळेत 'प्रयत्नपूर्वक' हा शाबासकीचा शब्द आहे. प्रगतिपुस्तकात आम्हीच तो लिहितो! मग शहाणे मूल त्यावर अभिमानाने खूण करते, आणि त्याच्या आजाराच्या खात्यात गुण जमा होतात.

मुरबाडकडच्या एका शिक्षिकाबाईंनी मला असाच एक किस्सा सांगितला. आरोग्य तपासणीच्या वेळी कोणी पाहुण्यांनी सातवीच्या मुलाला विचारले, "गेल्या दोन आठवड्यांत तुला कशात रस वाटत नाही, असं झालं का?" मुलाने थोडा विचार केला आणि विचारले, "कुठला रस? उसाचा?" पाहुण्यांनी कागदावर 'नाही' असे लिहिले आणि पुढच्या मुलाला बोलावले.

आणखी एक वाक्य त्या प्रश्नावलीत आहे. मी इतरांइतकाच चांगला आहे असे मला वाटले, अशा अर्थाचे. अमेरिकन मुलाला यावर 'हो' म्हणण्यात काहीच अवघड नाही. जपानमध्ये नोबोरू इवाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच प्रश्नावली शाळकरी मुलांना दिली. उदास वाटण्याच्या प्रश्नांवर जपानी मुलांची उत्तरे अमेरिकन मुलांच्या उत्तरांहून फार वेगळी नव्हती. पण मी आनंदात होतो, मला पुढची आशा वाटत होती, मी इतरांइतकाच चांगला आहे, अशी जी चार चांगली वाक्ये त्यात आहेत, त्यांवर जपानी मुलांनी हात आखडता घेतला. ती अधिक दुःखी होती म्हणून नव्हे. स्वतःविषयी चांगले बोलणे त्यांच्या घरात शोभत नाही, म्हणून. आणि हिशेबात तर चांगल्या वाक्याला 'नाही' म्हटले, की दुःखाचे गुण वाढतात. म्हणजे विनयाची गणना आजारात झाली! 'आत्मस्तुती करू नये' हे ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांचे याहून वेगळे काय होणार?

आता आपल्याच मुलखाकडे पाहू. ठाण्याहून निघालेली लोकल कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली करत अर्ध्या-पाऊण तासात कल्याणला पोचते. एवढ्या टापूत दुःखाच्या किती बोली आहेत! मराठी घरात ऐका. 'जीव घाबरा होतो', 'मन लागत नाही', 'जिवावर येतं', 'अंग मोडून आलंय', 'डोकं जड झालंय', 'काही सुधरत नाही'. गुजराती घरात 'जीव मूंझाय छे'. मुंब्र्याच्या गल्लीत 'दिल घबराता है', दिव्याच्या चाळीत 'जी नहीं लगता'. खाडीकाठच्या आगरी-कोळी गावातले पोर 'मना बरा नाय वाटत' एवढेच म्हणेल आणि होडीकडे निघून जाईल. आणि या सर्वांवर मात करणारा, सर्व जातिधर्मांना सामावून घेणारा शब्द म्हणजे 'टेन्शन'. हा शब्द आता इंग्रजी राहिलेलाच नाही. रेशन, स्टेशन, टेन्शन! मुलगा 'टेन्शन आलंय' म्हणाला, तर त्यात उद्याची चाचणी असू शकते, बापाचे कर्ज असू शकते, किंवा जगणे नकोसे होणेही असू शकते. शब्द एकच, आत काय आहे ते उघडून पाहिल्याशिवाय कळायचे नाही.

'उदास', 'खिन्न', 'विषण्ण' हे शब्द मुलांना ठाऊक नाहीत असे नाही. मीच शिकवले आहेत. पण ते समानार्थी शब्दांच्या प्रश्नात दोन गुणांसाठी असतात. स्वतःच्या पोटातली गोष्ट सांगायला कोणी ते वापरत नाही.

हा अनुभव आपल्याच मुलखाचा आहे असेही नाही. आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशात शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ फार विचार करणे. मुंबईत शिकलेले डॉ. विक्रम पटेल १९९० नंतरच्या दशकात तिथे काम करत होते. बाहेरची प्रश्नावली लादण्याऐवजी त्यांनी तिथल्या लोकांच्याच शब्दांतून चौदा प्रश्न तयार केले. पुढे गोव्यात १९९६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह सांगाथ ही संस्था काढली. आपल्या आयाही 'विचार करकरून डोकं फिरलं' असेच म्हणतात. शोना आजीबाई आणि आपली आजी एकमेकींना भेटल्या, तर या एका वाक्यावर त्यांची मैत्री होईल.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे गोऱ्या लोकांना मनातले बोलता येते आणि आपल्याला फक्त अंग दुखल्याचे सांगता येते, असेच ना? एकेकाळी मोठमोठे विद्वानही तसे मानत. पण ते खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने चौदा देशांतल्या दवाखान्यांत एक मोठी पाहणी झाली. ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. आपले बंगळूरही त्यात होते. पाहणी प्रौढांची होती, पण आपल्या उपयोगाची आहे. नैराश्य असलेले ११४६ रुग्ण निघाले. त्यांतले शंभरात एकोणसत्तर दवाखान्यात आले, ते केवळ शरीराची तक्रार घेऊन. कुणाचे डोके, कुणाची पाठ, कुणाचे पोट. आणि मन उतरले आहे का, असे त्यांना सरळ विचारले तेव्हा? शंभरातल्या फक्त अकरांनी नाही म्हटले. म्हणजे मनातले कळत बहुतेकांना होते. कोणी विचारले नव्हते, एवढेच.

मग आधी अंगाचे का सांगतात? माझ्या मते याचे उत्तर भाषेत कमी आणि भीतीत जास्त आहे. बंगळूरला डॉ. रघुराम आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मनाची लक्षणे जितकी जास्त, तितकी रुग्णाला लोकलाज जास्त वाटते; अंगाची लक्षणे जास्त असली तर ती लाज कमी वाटते, असे त्यांना दिसले. अंगदुखी कोणालाही होते. मन बिघडले म्हटले की लग्न अडते. आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने चीनच्या हुनान प्रांतातल्या शंभर रुग्णांची हकिगत १९८२ साली लिहिली. त्या सर्वांना 'मज्जातंतूंचा थकवा' असे नाव दिलेले होते. नीट विचारपूस केल्यावर त्यांतल्या सत्त्याऐंशी जणांना नैराश्य होते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात होरपळलेल्या त्या माणसांना 'मी निराश आहे' असे म्हणणे परवडणारेच नव्हते; निराश कशाने, राज्यकर्त्यांमुळे का, असा पुढचा प्रश्न आला असता.

ठाण्याच्या माणसाला तर हे जास्तच समजावे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले. शंभराहून अधिक वर्षे तिथे कित्येकांना आसरा आणि उपचार मिळाले. पण आपण त्याचे काय केले? 'याला ठाण्याला पाठवा' ही आपली आवडती थट्टा! मुंबईतही चालते आणि खुद्द ठाण्यातही. मी स्वतः ती वर्गात केलेली आहे. ज्या वर्गात गुरुजीच अशी थट्टा करतात, त्या वर्गात कोणते पोर उठून म्हणेल, की सर, माझ्या मनाला बरे वाटत नाही? ते पोटच धरणार. आता याच ठाण्यात १९९० सालापासून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभी केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था मनाच्या आरोग्याचे काम उघडपणे, मराठीतून, पालक-शिक्षकांना बरोबर घेऊन करते आहे. गावाचे नाव एका थट्टेतून सोडवायला वेळ लागतो.

आतापर्यंत मी पोटदुखीविषयी बोललो. पण दुखणे दुसऱ्या वेषांतही येते. मुलगे पुष्कळदा चिडतात. ताट ढकलतात, दार आपटतात, आईला उलट बोलतात. आपण म्हणतो, माजलाय. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथातही मुलांच्या बाबतीत उदासपणाऐवजी चिडचिड हेच मुख्य लक्षण असू शकते, असे नमूद आहे. म्हणजे प्रत्येक चिडका मुलगा आजारी असतो, असे नव्हे. तसे असते तर अख्खी दहावी अ तुकडी दवाखान्यात न्यावी लागली असती. पूर्वी न चिडणारा मुलगा महिनाभर चिडतो आहे आणि मित्रांनाही नकोसा झाला आहे, तेव्हा थांबून पाहायचे.

मुलींचे उलट होते, आणि ते अधिक फसवे. माझ्या नात्यातली एक मुलगी डोंबिवलीत इंग्रजी माध्यमात शिकत होती. आईवडील दोघेही सकाळच्या लोकलने जाणारे, रात्री आठला परतणारे. 'आय अ‍ॅम सो डिप्रेस्ड' हे वाक्य तिच्या तोंडी दिवसातून पाच वेळा. फोनची बॅटरी संपली, डिप्रेस्ड. डब्यात दुधीची भाजी निघाली, डिप्रेस्ड. घरात सगळे हसायचे. पुढे अकरावीत ती गप्प झाली. भावाशी भांडेना, काही मागेना, खोली आवरून ठेवू लागली. आई कौतुकाने सांगायची, आता शहाणी झाली हो आमची! कसे आहेस विचारले, की ती म्हणायची, "फाइन." मौज अशी, की ज्या दिवसांत शब्दाची खरोखर गरज होती, त्या दिवसांत तो उसना शब्द तिने एकदाही काढला नाही. शेवटी तिच्या मैत्रिणीने, मोठ्या धीराने, तिच्या आईला सांगितले की ही रात्री झोपत नाही आणि काहीबाही बोलते. वेळेवर उपचार झाले. आता ती उत्तम आहे. पण विचार करा, सर्वांत आधी कळले कोणाला? आईला नाही, शिक्षकांना नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलीला. मुलांच्या आतल्या दुःखाबद्दल मूल सांगते ते एक आणि आईबाप सांगतात ते दुसरे, हा अनुभव तज्ज्ञांनाही वारंवार येतो. घरच्यांना दंगा दिसतो, झोप उडालेली दिसत नाही.

तेव्हा विचारायचे कसे? माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो, 'तुला नैराश्य आहे का' असे विचारू नका. 'काय प्रॉब्लेम आहे तुझा' असे तर मुळीच नको. तो प्रश्न नसून धमकी आहे. दिवसाविषयी विचारा. रात्री झोप कधी लागते? मध्येच जाग येते का, मग काय करतोस? मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खातोस? मैदानावर जायचास, अजून जातोस का? हे कधीपासून? दिवाळीच्या आधीपासून, की नंतर? मूल जो शब्द वापरील, तोच उचला. तो 'पोट' म्हणाला, तर पोटावरूनच पुढे जा: "पोट दुखायला लागतं, तेव्हा मनात काय चाललेलं असतं?" एकट्याला विचारा, बापासमोर नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. तिथे सात जण चहा पीत ऐकत असतात.

आणि पोट आधी तपासून घ्या, बरे का! दुखणे मनातून आले, तरी ते खोटे नसते. पोट खरोखरच दुखते. शिवाय जंत असतात, रक्त कमी असते, मुलींच्या पाळीच्या तक्रारी असतात. सगळ्याच पोटदुखीला मनाचे नाव देणारा मास्तर हाही माझ्याइतकाच चुकेल. गावाकडे घरचे लोक भगताकडे किंवा देवऋष्याकडे जातात. त्यावर भांडत बसलात तर ते तुमच्याकडे यायचे बंद होतील. एवढेच म्हणा, की तिकडे गेलात तरी डॉक्टरकडेही जाऊ या, मी बरोबर येतो.

एक प्रश्न विचारायला सर्वांची जीभ अडते. जगावेसे वाटत नाही, असे मनात येते का? पुष्कळांना वाटते, विचारले तर नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरेल. तसे होत नाही. यावर अनेक देशांत अभ्यास झाले आहेत. विचारल्याने मुलाला बहुधा हायसे वाटते. उत्तर 'हो' आले, तर रागावू नका, शपथा घालू नका. त्याला एकटे सोडू नका, घरच्या विश्वासू माणसाला कळवा, शेतावरची फवारणीची औषधे आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही फोनसेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे, दिवसरात्र लागतो, आणि मराठीत बोलता येते. शिक्षकांनीही आपल्या अडचणीसाठी तो खुशाल फिरवावा. हा क्रमांक वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात, सुविचाराच्या जागी, महिनाभर राहिला तरी चालेल. सुविचार पुष्कळ झाले.

मुरबाडच्या त्या बाईंनी, उसाच्या रसाचा किस्सा सांगणाऱ्या, एक साधी युक्ती केली आहे. हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर त्या 'डोके', 'पोट', 'चक्कर' अशा खुणा तारखेसह करतात. दर महिन्याला पाहतात, कोणाच्या खुणा वाढल्या, आणि कोणत्या वाराला. एका मुलीच्या सगळ्या खुणा सोमवारच्या निघाल्या. रविवारी घरी कोण येते, एवढेच बाईंनी विचारले, आणि मुलगी रडू लागली. पुढचे त्यांनी मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही. सांगायचे तिथे त्यांनी सांगितले आहे.

माझा तो टेम्पोवाला विद्यार्थी अधूनमधून फोन करतो. त्याची मुलगी आता सहावीत आहे. गेल्या पावसाळ्यात म्हणाला, "सर, पोरगी रोज डोकं दुखतं म्हणते. मी लगेच विचारलं, किती दिवस झाले? अकरा म्हणाली." मी धास्तावलो. विचारले, "मग?" तो म्हणाला, "डॉक्टरकडे नेली. चष्मा लागला." आम्ही दोघेही हसलो. मग जरा थांबून तो म्हणाला, "पण सर, दवाखान्यातून येताना टेम्पोत बसून ती आणखी बरंच काही बोलली."